हरकती आणि सूचना

वसईच्या पश्चिम पट्ट्यात रविवारच्या मिस्साचे दोन भाग असतात. पहिला भाग रोमपासून रेमेदीपर्यंत सगळीकडे सारखाच. दुसरा फक्त आमचा. कम्युनियन आटोपलेले असते, गायकवृंदाने शेवटच्या गीताचे पान उघडून ठेवलेले असते, आणि आशीर्वाद देण्याआधी फादर चष्मा बदलून झग्याच्या आतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाहेर काढतात. ह्याला म्हणायचे 'सूचना'. प्रवचन चालू असताना बाहेर बदामाच्या झाडाखाली उभे राहून जमिनीच्या भावाचे बोलणारी मंडळी ह्या क्षणी आत येतात आणि मागच्या भिंतीला पाठ लावून कान टवकारतात.

सूचनांना क्रम नसतो. ज्या क्रमाने चिठ्ठ्या फादरांच्या हातात कोंबल्या गेल्या, त्या क्रमाने त्या बाहेर येतात. "येत्या बुधवारी राखेचा बुधवार आहे, सर्वांनी उपवास पाळावा. गुरुवारी पाणी येणार नाही, सर्वांनी भरून ठेवावे. धर्मशिक्षणाच्या वर्गाला मुले उशिरा येतात, पालकांनी लक्ष द्यावे. शुक्रवारी नऊ ते पाच वीज बंद. रक्तदान शिबिर हॉलमध्ये, चहाबिस्किटांची सोय केली आहे. गेटसमोर कोणीतरी पांढरी स्कूटर आडवी लावली आहे, ती ताबडतोब काढावी." शेवटच्या सूचनेला सात-आठ पुरुष उठतात, कारण आमच्याकडे पांढरी स्कूटर घरटी एक आहे. ज्याची ती आडवी असते, तो मात्र बसून राहतो आणि त्याची बायको समोर वेदीकडे बघत त्याला कोपर मारते.

बाहेरगावच्या पाहुण्याला वाटते, हे काय चालले आहे? देवळात कोणी टँकरचे बोलते का? त्याला समजावून सांगावे लागते की वसईत स्वर्गाचा आणि वॉर्ड ऑफिसचा कारभार एकाच माइकवरून चालतो. त्यातला पहिला सोपा. तिथले नियम लेखी आहेत, बदलत नाहीत आणि अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा ते सर्वांना ठाऊक आहे.

माझ्या आजीच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली आणि मग ती मराठीत आली. लॅटिन होती तोवर कोणाला काही कळत नव्हते आणि कोणाची तक्रारही नव्हती. मराठी आल्यावर प्रवचन कळू लागले, प्रवचनातला टोमणा कोणत्या आळीला आहे तेही कळू लागले, आणि सूचनांना जो रंग चढला तो आजतागायत उतरलेला नाही.

सूचनांमध्ये सर्वांत मानाची सूचना लग्नाची. लग्न ठरले की मुलाचे नाव, मुलीचे नाव, आईबापांची नावे, गाव, आळी हे सगळे ओळीने तीन रविवार वाचून दाखवतात आणि शेवटी विचारतात की ह्या विवाहाला कोणाची हरकत असल्यास धर्मगुरूंना कळवावे. हरकत घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. एकदा एका काकांनी हात वर केला तेव्हा अख्ख्या चर्चच्या माना वळल्या होत्या, पण डोक्यावरचा पंखा बंद करा एवढेच त्यांचे म्हणणे होते.

अगदी अशीच सोय सरकारनेही करून ठेवली आहे. १९६६च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखडा तयार झाला की तो लोकांपुढे ठेवतात आणि हरकती व सूचना मागवतात. लग्नाच्या बाबतीत जी हरकत आम्ही तोंडात धरून ठेवतो, ती इथे बाहेर पडते. कोणाच्या केळीच्या वाडीतून साठ फुटी रस्ता गेलेला असतो, कोणाच्या विहिरीवर शाळेचे आरक्षण पडलेले असते, कोणाच्या ओटीवर उद्यान आलेले असते. माणसे रांगा लावून हरकती देतात, पोचपावतीवर शिक्का मारून घेतात, तो शिक्का घरी नेऊन सासूला दाखवतात. पुढे सुनावणी होते. तिथे एकेकाला दोन मिनिटे मिळतात, त्यातले एक मिनिट स्वतःचे आडनाव समजावून सांगण्यात जाते. डिमेलो, डाबरे, लोपीस, घोन्साल्विस. साहेब विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" समोरच्याची तेरावी पिढी त्याच वाडीत केळी लावत असते. तो काय सांगणार? "पलीकडच्या आळीतले," म्हणतो.

आम्ही मूळचे इथलेच, येणारे-जाणारे बाकीचे. पोर्तुगीज १५३४ साली आले. चिमाजी अप्पांनी १७३९ साली किल्ला घेतला आणि जाताना चर्चच्या घंटा नेल्या. त्यातली एक मेणवलीला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक भीमाशंकरला. सहलीला गेलेली वसईची बस ह्या ठिकाणी थांबली की एक तरी म्हातारे गृहस्थ घंटेखाली उभे राहून "आपलीच," असे म्हणतात आणि वाजवून खात्री करून घेतात. मग इंग्रज आले, गेले. १ ऑगस्ट २०१४पर्यंत आमचा जिल्हा ठाणे होता, त्या दिवसापासून पालघर झाला. त्याआधी, ३ जुलै २००९ रोजी, चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून महानगरपालिका झाली. पश्चिमेच्या गावांनी सांगितले, आम्हाला आमची ग्रामपंचायत बरी. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, २०११ साली सरकारने २९ गावे वगळायचे ठरवले, ते प्रकरण कोर्टात गेले आणि तिथेच वर्षानुवर्षे मुक्कामाला राहिले. त्या काळात जन्मलेली मुले पुढे कॉलेजात जाऊ लागली. आपण गावात राहतो की शहरात, हा प्रश्न त्यांना निबंधाला आला असता तर अर्धे गुण तरी कापले गेले असते.

ह्या सगळ्या भांडणांत चर्चचे अंगण सभेला का लागते, ह्याचे कारण फार साधे आहे. तिथे हजारभर माणसे दर आठवड्याला आपणहून जमतात, बसायला बाके आहेत, माइक आहे, आणि बोलणारा माणूस निवडणुकीला उभा राहणार नसतो. ऐंशीच्या दशकात पूर्वेकडे इमारती वाढल्या, नळाला पाणी नव्हते, आणि पश्चिमेच्या वाड्यांमधल्या विहिरींवर टँकर येऊन उभे राहू लागले. पंप दिवसरात्र चालला. गोडे पाणी उपसले गेले तसे समुद्राकडचे खारे पाणी आत सरकले, पानवेली पिवळ्या पडल्या. तेव्हा हरित वसईची चळवळ उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर उतरले. नंदाखालचे हे फादर १९८३ ते २००७ 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते, त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. महाराष्ट्र त्यांना असा ओळखतो. २०२४च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी साहित्यिक गेला असे छापले, ते बरोबरच होते. पण आमच्या आळीतल्या लाल लुगड्यातल्या आज्या त्यांच्याविषयी बोलायला लागल्या की पुस्तकाचे नाव निघत नाही. विहिरींचे निघते. कोणत्या मोर्चात कोण पुढे होती, कोणाची चप्पल हरवली आणि कोणाच्या डब्यात सुकट होती, हे सगळे तारीखवार निघते.

मोर्चात आमच्या बायका पुढे असतात. पुरुष मागे असतात आणि गाडी कुठे लावली त्याची काळजी करत असतात.

पुढारी मंडळींना चर्चच्या अंगणाचे महत्त्व सर्वांच्या आधी कळले. धर्मग्रामाच्या सणाला, म्हणजे ज्या संताच्या नावाने चर्च आहे त्याच्या वार्षिक सणाला, पहिले बाक त्यांच्यासाठी राखलेले असते. पहिल्या बाकावर बसण्यात एक मोठी अडचण आहे, ती त्यांना बसल्यावर कळते. मिस्सामध्ये कधी उभे राहायचे, कधी बसायचे, कधी गुडघे टेकायचे हे पुढच्याकडे बघून करायचे असते, आणि पहिल्या बाकाच्या पुढे कोणी नसते. मग साहेब मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून डावीकडच्या सिस्टरांकडे बघतात. सिस्टर उठल्या की साहेब उठतात, साहेब उठले की त्यांचे बारा कार्यकर्ते उठतात. एकदा सिस्टर खोकल्याची गोळी घ्यायला मध्येच उठल्या आणि सबंध पक्ष उभा राहिला. त्या दिवशी त्यांची शिस्त पाहून आमच्याकडची चार मते फिरली असे म्हणतात.

ह्यांचे फलक हा वेगळाच विषय आहे. नाताळच्या फलकावर मध्यभागी साहेब, वर दिल्लीचे साहेब, खाली वॉर्डातले चोवीस चेहरे, आणि ज्याचा वाढदिवस आहे तो पाळण्यातला बाळ उजव्या कोपऱ्यात मुद्रकाच्या फोन नंबराच्या वर. त्याला आमची हरकत नाही. बेथलेहेमलाही त्याला जागा मिळाली नव्हती. पण नाताळनंतर छापखान्याला मजकूर तयार सापडतो आणि पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये चौकात फलक लागतो: 'समस्त ख्रिस्ती बांधवांना गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा.' त्या दिवशी आम्ही उपाशी असतो, चर्चमधली घंटा बंद असते आणि आमच्या देवाला क्रुसावर चढवलेले असते. चौकात हात जोडून हसणारे साहेब बघितले की कोणाला काय बोलावे सुचत नाही. एका वर्षी पॅरिश कौन्सिलने ह्याबद्दल दोन जाणत्यांना त्यांच्याकडे पाठवले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले, चूक झाली म्हणाले, आणि दुसऱ्या वर्षीच्या फलकावर शुभेच्छांच्या जागी 'भावपूर्ण श्रद्धांजली' असे छापले. खाली चोवीस चेहरे होतेच.

गुड फ्रायडेवरून आठवले. उपवासकाळात आमच्याकडे क्रुसाची वाट चर्चच्या आतही करतात आणि गावातूनही काढतात. चौदा स्थाने असतात, प्रत्येक ठिकाणी थांबून प्रार्थना करायची. तरुण मुलांपैकी एकजण खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन पुढे चालतो. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानाला येशू पडतो. पूर्वी ह्या पडण्याची तालीम घ्यावी लागायची. गाव नेहमीच्या रस्त्याने चालू लागल्यापासून लागत नाही. उलट मागच्या खेपेला तालीम दिली ती न पडण्याची, कारण मुलगा दुसऱ्याच स्थानाला खड्ड्यात गेला आणि रोझरीवाल्या मावशींनी पुस्तकातले पान पुढे उलटले. येशूचा क्रूस उचलायला मदत करणारा शिमोन आपल्या पाळीची वाट न बघता धावला. वाटेत एक रिक्षा मागून हॉर्न वाजवत होती, पण रोमन शिपायाने भाला आडवा धरल्यावर ती गप्प झाली. शिपाई दिवसा महामार्गावर वाहतूक वॉर्डन आहे.

सण म्हटला की कमिटी आली आणि कमिटी म्हटली की आवाजाचा प्रश्न आला. २०००च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही. कायदा चांगला आहे, म्हाताऱ्यांना झोप लागते. पण आमच्या नाताळची मुख्य मिस्सा मध्यरात्रीची, ती आता बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी किंवा रात्री लवकरच होते. 'मध्यरात्रीची मिस्सा रात्री आठ वाजता आहे' ही सूचना फादर चेहरा जराही न हलवता वाचतात, हा त्यांच्या दीक्षेतल्या संयमाचा भाग असावा. येशूचा जन्म त्यामुळे परवान्याच्या आत होतो. मात्र मिस्साहून घरी आलेला माणूस साडेदहाला जेवायला बसतो तेव्हा शेजारच्या प्लॉटवर लग्नाची हळद चालू असते आणि त्या डीजेने तो कायदा वाचलेला नसतो.

आता बावखलाकडे येतो, कारण गेल्या दोन वर्षांत आमच्या सूचनांमध्ये सर्वांत जास्त वेळा आलेले नाव तेच आहे. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला पूर्वजांनी खणून ठेवलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठायचे, जमिनीत मुरायचे, आसपासच्या विहिरी त्यावर जगायच्या. काठाला रहाट असायचा, त्याचे पाणी पाटाने केळींना आणि पानवेलींना जायचे. मुले त्यात पोहायला शिकायची, बायका कपडे धुवायच्या आणि कोणाचे लग्न मोडले ते तिथे आधी कळायचे. एकेका गावात अशी कित्येक बावखले होती. पंप आले तसा रहाट गेला, रहाट गेल्यावर बावखल हे नुसतेच खड्ड्यातले पाणी ठरले, आणि जमिनीला भाव आल्यावर त्या पाण्याखाली जमीन आहे हे लोकांच्या लक्षात आले.

आमच्या आळीचे बावखल एका पावसाळ्याआधी तीन रात्रींत भरले गेले. डंपर यायचे, माती टाकायचे, जायचे. पावसात आसपासच्या चार घरांत गुडघाभर पाणी शिरले, कारण पाण्याला जुना पत्ता माहीत होता. फादरांनी सूचनेत सांगितले, पॅरिश कौन्सिलची बैठक बसली. निवेदनाचा मजकूर दहा मिनिटांत ठरला. निवेदन देताना फोटोत कोण उभे राहणार, त्यावर दीड तास गेला. शेवटी पाच जणांचे शिष्टमंडळ निघाले: फादर, कौन्सिलचे सेक्रेटरी, महिला मंडळाच्या बाई, युवा संघटनेचा मुलगा, आणि मराठी शुद्ध लिहितो म्हणून मी.

वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांच्या केबिनमध्ये दोनच खुर्च्या होत्या आणि दोन्हींवर फायली बसल्या होत्या. आम्ही उभे राहिलो. साहेबांनी निवेदन वाचले, नकाशा मागवला, बोट फिरवले.

"इथे बावखल दिसत नाही."

"साहेब, बुजवल्यावर कसे दिसेल?" बाई म्हणाल्या.

"नकाशा जुना आहे. जुन्यातही नाही. सातबारा आणलाय?"

सेक्रेटरींनी सातबारा पुढे केला. त्यावर त्या जागेपुढे पोटखराबा लिहिले होते, म्हणजे पीक येत नाही अशी जमीन. पीक कसे येणार, तिथे दहा फूट पाणी होते. पण पाणी होते असे कुठेच लिहिलेले नव्हते.

"साहेब, मी त्यात पोहायला शिकलो," सेक्रेटरी म्हणाले.

"त्याचा काही कागद?"

सेक्रेटरींच्या हनुवटीवर बावखलाच्या पायरीवर आपटल्याची खूण आहे. ती त्यांनी दाखवली. साहेबांनी ती बघितली, पण ती साक्षांकित नव्हती.

"असे आहे," साहेब सौम्यपणे म्हणाले, "जे नोंदीत नाही ते बुजवले असे मला म्हणता येत नाही. आता वरून आदेश आला तर बघू."

"वरून आदेश यावा म्हणून," फादर म्हणाले, "मी तीस वर्षे रोज पहाटे उठतो."

साहेब हसले. आम्ही पोचपावतीवर शिक्का घेतला आणि बाहेर येऊन फोटो काढला.

ह्यानंतर आला नाताळ, आणि नाताळ म्हणजे आमच्याकडे गोठे. प्रत्येक आळीतली तरुण मुले येशूजन्माचा देखावा उभा करतात, त्यांच्या स्पर्धा लागतात, ते बघायला रात्री माणसे गाड्या काढून गावोगाव हिंडतात. गंमत अशी की वसईत खरा गोठा आता शोधावा लागतो. गोठ्यांच्या खोल्या काढून भाड्याने दिल्या. पेंढाही राहिला नाही. भातशेतीची जागा गेली, त्यामुळे बाळाला निजवायचा पेंढा कोणाच्या तरी ओळखीने पूर्वेकडून, टेंपोचे भाडे देऊन आणावा लागतो. मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांच्या गावठाणांत ऑक्टोबरात आगेरा साजरा करतात, नव्या भाताचा सण, त्यांचीही तऱ्हा हीच: कणसे बाहेरून येतात, आशीर्वाद स्थानिक असतो.

आमच्या मुलांनी त्या वर्षी विषय घेतला 'बावखल वाचवा' आणि जागा मागितली ती नेमकी बुजवलेल्या बावखलाचीच. मालकाने सहा जानेवारीपर्यंत दिली. बांधकाम पुढे होणारच होते, तोवर नाव तरी चांगले होईल असा त्याचा विचार. मुलांनी खणायला घेतले. वरच्या थरात फरशीचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या आणि अर्धे बेसिन निघाले. तीन फुटांवर काळी माती लागली आणि तिला ओल होती. तिथे खणणारी पोरे जरा वेळ नुसतीच बघत उभी राहिली, मग कोणीतरी म्हणाले, ताडपत्री आणा. निळी ताडपत्री मंडपवाल्याकडून आली. पाणी अर्थात टँकरचे. सायकलच्या चाकाला पत्र्याचे डबे बांधून रहाट केला, त्याला मिक्सरची मोटर लावली. तो इतक्या जोरात फिरला की पहिल्या दिवशी योसेफ पूर्ण भिजला. काठावर पेंढा, पेंढ्यावर गोठा, गोठ्यात बाळ, मरिया, आणि दादरहून आणलेल्या दोन प्लॅस्टिकच्या मेंढ्या. पाण्यात सोडायला मुलांनी काचेच्या टाकीतले लाल मासे आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी विजेच्या तारेवर कुठून कोण जाणे एक खंड्या येऊन बसला. दुपारपर्यंत मासे संपले.

परीक्षक तिघे होते. एकाने विचारले, सांताक्लॉज कुठे आहे? दुसऱ्याने रहाटाचा फोटो काढला आणि मोटर कितीची विचारली. तिसरे परीक्षक वयस्कर, ते काहीच बोलले नाहीत, चप्पल काढून पाण्याच्या कडेला बसले. त्यांना उठवायला दोघे लागले. पहिले बक्षीस शेजारच्या गावाला गेले. त्यांच्या गोठ्यावर दर पाच मिनिटांनी फेसाचा बर्फ पडत होता. आम्हाला उत्तेजनार्थ मिळाले, आणि ते देण्यासाठी मंचावर बोलावले होते बावखलाच्या मालकालाच. त्याने पर्यावरणाविषयी चार शब्द सांगितले.

तीन राजांचा सण झाला आणि मंडपवाला ताडपत्री न्यायला आला. पाण्याचे काय करायचे हे कोणी ठरवले नव्हते. त्याने एक टोक धरून ओढले आणि अर्ध्या टँकरचे पाणी शेजारच्या प्राध्यापकांच्या फाटकातून आत गेले. प्राध्यापक सावध माणूस. त्यांनी तासाभरात वॉर्डात लेखी तक्रार केली: अमुक सर्व्हे नंबरच्या जागेतील बावखलाचे पाणी रस्त्यावर व माझ्या आवारात येत असून त्वरित बंदोबस्त व्हावा.

आणि बंदोबस्त झाला. दोन वर्षे आम्ही निवेदने देत होतो तेव्हा साधा मुकादम फिरकला नव्हता. ह्या वेळी दुसऱ्याच दिवशी जेसीबी आला, मागून दोन डंपर आले, खड्डा भरला, वरून सपाट केला. अर्धे बेसिन पुन्हा आत गेले. ज्युनियर इंजिनियरने रजिस्टरमध्ये शेरा मारला, सही केली आणि निघून गेला.

तो शेरा सेक्रेटरींनी उलटा वाचला. उलटे वाचायची सवय त्यांना मतदार यादीच्या कामात लागली आहे. ते धावतच माझ्याकडे आले. त्याच दिवशी आम्ही दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आणि मुदतीच्या आत साक्षांकित नक्कल हातात पडली. गोल शिक्का, जावक क्रमांक, तारीख, आणि टाइप केलेली एक ओळ: 'सदर सर्व्हे नंबरमधील बावखल आज रोजी भरणी करून बुजवण्यात आले. तक्रार निकाली.'

पुढच्या रविवारी फादरांनी ती नक्कल सूचनांमध्ये वाचली, दोनदा. मग आम्ही नवे निवेदन लिहिले. ह्या वेळी फोटोचा प्रश्न निघालाच नाही. आपल्याच कार्यालयाच्या नोंदीनुसार सदर जागेत बावखल अस्तित्वात होते व ते आपल्याच कार्यालयाने बुजवले आहे, तरी ते पूर्ववत करून मिळावे, सोबत नक्कल जोडली आहे.

साहेबांनी पत्र वाचले. नक्कल वाचली. शिक्का खिडकीच्या उजेडात धरून बघितला, मागची बाजू बघितली, सही कोणाची आहे ते बघितले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्यांनी घंटी वाजवून शिपायाला आत बोलावले.

"पाच खुर्च्या आण," ते म्हणाले.